म्हाताऱ्यांच्या खोलीवर ‘गॅरंटीड’ परतावा? विश्रामबागकरांनो, सही करण्याआधी हा हिशेब बघा

सध्या आपल्या भागातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नवीन स्कीम फिरतीये. ज्येष्ठांसाठी ‘असिस्टेड लिव्हिंग’ काढणार, त्यातली एक खोली तुम्ही विकत घ्यायची, चालवायची जबाबदारी कंपनीची आणि तुम्हाला दरमहा ठरलेला परतावा. वर परत म्हाताऱ्या माणसांची सेवा केल्याचं पुण्य. फर्मचं नाव मी लिहीत नाही. आज एक आहे, दिवाळीपर्यंत चार होतील. प्रश्न नावाचा नाही, या धंद्याच्या बांधणीचा आहे. म्हणून जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी एक कबूल करू. ज्यानं कुणी विश्रामबाग निवडलं त्यानं डोळे उघडे ठेवून निवडलंय. विलिंग्डन १९१९ चं, वालचंद १९४७ चं. या दोन कॉलेजांच्या आजूबाजूला प्राध्यापक, इंजिनिअर, बँकवाले, सरकारी नोकर यांनी प्लॉट घेतले, बंगले बांधले. २००५ आणि २०१९ च्या पुरानंतर गावभागातली कितीतरी कुटुंबं थोडं उंचावर म्हणून इकडं सरकली. त्यांची पोरं शिकली आणि पुणे, बेंगळुरू, तिथून पुढं अमेरिका, ऑस्ट्रेलियाला गेली. आज गव्हर्नमेंट कॉलनी, नेमिनाथनगर, वारणाली, धामणी रोड, कुठंही संध्याकाळी फेरी मारा. दुमजली बंगला, खाली एक दिवा चालू, आत दोन माणसं. कधीकधी एकच. शेजारी मिरज, जिथं १८९४ पासून वान्लेसांचं हॉस्पिटल आणि त्याच्या मागोमाग वाढलेली सगळी डॉक्टरपेठ. ज्येष्ठांच्या निवासाला यापेक्षा चांगली जागा दक्षिण महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही.

म्हणजे गरज खरी आहे. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीच्या वरची माणसं जवळजवळ १० टक्के होती आणि तेव्हापासून आकडा वाढतच गेलाय. माझं भांडण गरजेशी नाही. खासगी माणसानं यात पैसे घालायलाही माझी हरकत नाही. भांडण आहे ते ‘गॅरंटीड’ या एका शब्दाशी. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. ज्या घरात गुंतवणूकदाराचा परतावा आधीच बांधून दिलाय, त्या घरात काटछाट करायला एकच जागा उरते आणि ती म्हणजे अंथरुणावरचा माणूस.

हे भावनेनं बोलत नाही. कागद घ्या, मांडू. आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून धरलेत, तुम्ही तुमचे घालून बघा.

समजा २४ खोल्यांची इमारत आहे. एक खोली १५ लाखांना विकली. परतावा वर्षाला १२ टक्के, म्हणजे दरमहा १५ हजार. २४ खोल्यांचे मिळून कंपनीला दर महिन्याला ३ लाख ६० हजार गुंतवणूकदारांना द्यायचेत. खोली भरो न भरो, द्यायचेत.

आता जमा. आपल्या भागात महिन्याला २५ हजार देणारं कुटुंब मिळालं असं धरू. सगळ्या २४ खोल्या भरल्या तर ६ लाख. त्यातून परताव्याचे ३ लाख ६० हजार वजा. राहिले २ लाख ४० हजार.

आता खर्च. सगळ्यात मोठा खर्च माणसांचा. इथं बहुतेक लोकं फसतात, म्हणून नीट बघा. चोवीस तास एक मावशी पाहिजे म्हणजे एक मावशी ठेवून भागत नाही. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या २१. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करतो. म्हणजे एका जागेला साडेतीन माणसं. आजारपण, सण, गावची जत्रा, रजा धरली की चार. २४ रहिवाशांपैकी आठ जण तरी असे असणार, ज्यांना उठवायला, न्हाणीत न्यायला, भरवायला माणूस लागतो. त्यांच्यासाठी आणि बाकीच्यांवर लक्ष ठेवायला कुठल्याही क्षणी तीन मावशी-मामा आणि एक सिस्टर, एवढं तरी पाहिजेच. चार जागा, गुणिले चार, सोळा माणसं. डोक्याला सरासरी १४ हजार धरले तरी महिन्याला २ लाख २४ हजार.

राहिले किती? सोळा हजार.

सोळा हजारांत २४ माणसांचं महिनाभराचं जेवण, दूध, गॅस, लाइट, जनरेटरचं डिझेल, पाणी, लिफ्टची दुरुस्ती, स्वयंपाकीण, सफाईवाला, मॅनेजर, डॉक्टरची फेरी. डोक्यामागं महिन्याला ६६७ रुपये. एवढ्यात दोन वेळचा चहासुद्धा धड होत नाही हो!

आणि हे सगळ्या खोल्या भरलेल्या असताना. वृद्धनिवासात खोली रिकामी होते म्हणजे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. बदली झाली म्हणून भाडेकरू गेला, पुढच्या महिन्यात दुसरा आला, असा हा प्रकार नाही. २४ पैकी १६ खोल्या भरल्या असतील तर जमा ४ लाख. त्यातून ३ लाख ६० हजार गेले. राहिले ४० हजार. आता सांगा, कुणाचा पगार थांबणार?

उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. आधी रात्रपाळी कमी होते, कारण रात्री बघायला कुणी नसतं. दिवसा मुलगा भेटायला येतो तेव्हा लॉबी चकाचक, फुलदाणीत फुलं. रात्री दोन वाजता मजल्यावर एकच पोरगी, तीपण दिवसपाळी करून थांबलेली. कूस बदलायची राहते. डायपर सकाळपर्यंत तसाच राहतो. पंधरा दिवसांत पाठीला जखम होते. घरातल्यांना सांगितलं जातं, “वय झालं, आता असं व्हायचंच.” न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, माणूस परत उभा राहत नाही. ह्या गोष्टी कुठल्याही वहीत ‘परताव्यासाठी केलेली काटकसर’ म्हणून लिहिल्या जात नाहीत. पण त्या तिथूनच आलेल्या असतात.

आता तोच हिशेब गॅरंटीशिवाय करा. राहत्या घराला आपल्याकडं वर्षाला किमतीच्या तीनेक टक्के भाडं मिळतं. ३ कोटी ६० लाखांच्या इमारतीला तीन टक्क्यांनी महिन्याला ९० हजार. ६ लाखांतून ते वजा केले तर ५ लाख १० हजार राहतात. माणशी २१ हजार २५०. एवढ्यात माणसं पुरेशी ठेवून, ताजं जेवण देऊन, चार पैसे मागं टाकून घर चालवता येतं. इमारत तीच, म्हातारी माणसं तीच, फीपण तीच. फरक फक्त मालकाच्या हावेचा.

आपल्या जिल्ह्याला खात्रीशीर परताव्याचा अनुभव नाही असंही नाही. २०१९ चं कडकनाथ आठवा. तेव्हाच्या इस्लामपुरातून सुरू झालेलं. पिल्लं आम्ही देतो, कोंबडी-अंडी आम्हीच चढ्या भावानं घेतो. शेतकऱ्यांनी दागिने मोडून पैसे घातले. शेवटी कोंबड्या दारात आणि कंपनी गायब. पुण्यात डी. एस. कुलकर्णींच्या कंपन्यांत हजारोंच्या ठेवी अडकल्या, त्यात निवृत्तीचे पैसे ठेवलेली माणसं किती तरी. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना अटक झाली, पण म्हणून ठेवी लगेच हातात आल्या नाहीत. प्रत्येक वेळी आपण म्हणतो, आता लोकं शहाणी झाली. प्रत्येक वेळी स्कीमचं नाव बदलतं. या वेळी कोंबडीच्या जागी आजी-आजोबा आहेत, एवढंच. कोंबडी मेली तर पैसा बुडतो. इथं परतावा बुडायच्या आधी माणूस बुडतो.

“हे सांगलीसारख्या ठिकाणी होतं, मोठ्या देशांत सगळं व्यवस्थित असतं,” असं म्हणणाऱ्यांसाठी ब्रिटनचं उदाहरण. सदर्न क्रॉस ही तिथली सगळ्यात मोठी केअर होम चालवणारी कंपनी. सुमारे ३१ हजार रहिवासी. इमारती एकाच्या मालकीच्या, चालवणारा दुसरा, मालकाला दरवर्षी वाढत जाणारं भाडं बांधून दिलेलं. सरकारी खर्च आटला, खोल्या रिकाम्या पडायला लागल्या, भाडं मात्र चढतंच राहिलं. २०११ मध्ये कंपनी कोसळली. ऐंशी-नव्वदीची हजारो माणसं आणि त्यांची पोरं महिनोन्महिने एकच विचारत होती, आता आम्ही कुठं जायचं? तिथं तर परवाना आहे, तपासणी करणारी स्वतंत्र यंत्रणा आहे. तरी असं झालं. आपल्याकडं काय आहे?

घरचं उदाहरण लवासा. तिथं ज्येष्ठांसाठी खास वसाहत झाली, लोकांनी आयुष्याची पुंजी घालून घरं घेतली. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासाची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घर तुमच्या नावावर असलं तरी रस्ता, पाणी, दवाखाना चालवणाराच अडचणीत आला तर त्या घराचं करायचं काय? म्हातारपणी नुसत्या चार भिंती विकत घेऊन भागत नाही.

आता कायदा बघू.

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ चा. त्याखाली मुलं सांभाळत नसतील तर प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढं निर्वाहभत्ता मागता येतो. सांभाळायच्या अटीवर घर लिहून दिलं आणि पुढच्यानं सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते खरेदी-बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. चांगली तरतूद आहे. पण खासगी वृद्धनिवास कुणी काढावा, किती माणसं ठेवावीत, रात्री कोण असावं, तपासणी कुणी करावी, यावर तो कायदा जवळजवळ गप्प आहे. अशा घरांची आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या एजन्सींची नोंदणी सक्तीची करणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. त्याचा कायदा झाला नाही.

महारेरानं २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले. लिफ्ट, व्हीलचेअर जाईल एवढा दरवाजा, न्हाणीत धरायला दांडे, न घसरणारी फरशी. स्वागतच आहे. पण रेरा बघणार बांधकाम. फरशी घसरती नसावी हे तो सांगतो. घसरून पडलेल्याला उचलायला रात्री माणूस आहे का, हे बघणं त्याचं कामच नाही. आणि जुना बंगला घेऊन त्यात दहा-बारा खाटा टाकल्या तर विषय बहुधा रेरापर्यंत जाणारही नाही.

म्हणजे आपल्याकडं पानाची टपरी टाकायला दहा कागद लागतात. अंथरुणाला खिळलेल्या वीस माणसांना कुलपाआड ठेवायला मात्र हमखास लागेल असा एक परवाना दाखवा.

आता नेहमीचे तीन आक्षेप.

पहिला : “मग कुणी काढायचेच नाहीत का? ट्रस्टचे वृद्धाश्रम काय स्वर्ग आहेत?” नाहीत. धर्मादाय नाव लावून केलेली हेळसांडही आपण बघतो. आणि सरकारचं म्हणाल तर १९९५ ची मातोश्री वृद्धाश्रम योजना झाली, २००७ च्या कायद्यात जिल्ह्याला किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी घर काढायची तरतूद झाली, पण ती ‘काढता येईल’ अशा भाषेत. ‘काढावंच लागेल’ असं नाही. म्हणून खासगी माणूस लागणारच. मी म्हणतो तो यावाच, पण चालवायला यावा. नुसता व्याज मोजायला नको.

दुसरा : “जोखीम घेतो त्याला परतावा नको का?” हवाच की! पण गॅरंटी दिल्यावर जोखीम राहिली कुठं? ती कंपनीनं घेतलेली नसते, कारण कंपनीकडं स्वतःचं काही नसतं. ती उचलून रहिवाशाच्या खाटेवर ठेवलेली असते.

तिसरा : “गरीब ज्येष्ठांसाठी काहीतरी होतंय, तुम्ही मोडता घालताय.” गरीब? साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या कितीतरी कामगारांना ईपीएस-९५ ची पेन्शन मिळते, जिची किमान रक्कम महिन्याला १ हजार रुपये आहे. हो, एक हजार. २५ हजारांची खोली त्यांच्यासाठी नाही. तेव्हा गरिबांचं नाव घेऊन जाहिरात करू नका.

ज्यांना मनापासून या कामात पैसे घालायचेत, आणि अशी माणसं विश्रामबागेत आहेत हे मला माहितीये, त्यांनी सुरुवात अशी करावी.

१. इमारत आणि सेवा हे दोन व्यवहार वेगळे ठेवा. इमारत द्यायची तर साध्या, बाजारभावाच्या भाड्यानं द्या. फीमध्ये टक्का मागू नका, हमी मागू नका. चालवणारा टिकला तर तुमचं भाडं टिकेल.

२. चालवायचं असेल तर दहा-बारा खाटांपासून सुरू करा आणि खोल्या भरायच्या आधीचा निदान वर्षभराचा पगार बँकेत ठेवा. तेवढी ताकद नसेल तर थांबा. स्वतः काही महिने एखाद्या चांगल्या घरात रात्रपाळीला जाऊन बसा. कुठल्याही सेमिनारपेक्षा जास्त शिकाल.

३. कुणी अनेकांचे पैसे गोळा करून परताव्याचं वचन देत असेल तर तीन प्रश्न लेखी विचारा. सेबीची नोंदणी आहे का? रेरा नंबर काय? २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात हे का बसत नाही, हे तुमचा सीए सही करून देईल का? उत्तरात “आपलीच माणसं आहेत, विश्वास ठेवा” असं आलं की उठून यायचं.

४. जीएसटी आधी समजून घ्या. वृद्धाश्रमाच्या राहण्या-जेवणाच्या फीला महिन्याला २५ हजारांपर्यंत जी माफी आहे ती सरकारी आणि आयकर खात्याकडं धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थांना आहे. खासगी कंपनीला ती आपोआप मिळत नाही. जाहिरातीतल्या हिशेबात हे कुठंच नसतं.

५. आग. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणं यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. भंडाऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये दहा नवजात बाळं गेली. स्वतःच्या पायानं बाहेर पळू न शकणारं माणूस बाळ असो की नव्वदीची आजी, त्याच्यासाठी धूर सारखाच.

आणि आई-वडिलांसाठी जागा बघणाऱ्या परगावच्या मुला-मुलींनो, लॉबीचे फोटो मागवू नका. रात्रपाळीचं हजेरीपत्रक मागवा. रात्री नऊनंतर न सांगता जा. डिपॉझिट कुठल्या खात्यात राहणार आणि माणूस गेल्यावर किती दिवसांत परत मिळणार, हे करारात लिहून घ्या.

शेवटी महापालिकेकडं आणि जिल्हा प्रशासनाकडं मागणी. कलेक्टर ऑफिस विश्रामबागेपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळं “आमच्यापर्यंत आलं नाही” हे चालणार नाही. दिल्लीचा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर सांगली, मिरज, कुपवाडमधल्या प्रत्येक वृद्धनिवासाची, मग तो ट्रस्टचा असो की खासगी, एक यादी करा आणि लोकांना बघता येईल अशी ठेवा. कोण चालवतं, खाटा किती, रात्री माणसं किती, अग्निसुरक्षेचा दाखला कधीचा. तीन महिन्यांतून एकदा आरोग्य खात्याचा डॉक्टर, समाजकल्याणचा माणूस आणि ज्येष्ठ नागरिक संघाचा एक प्रतिनिधी न सांगता आत जाऊ देत. याला नवा कायदा लागत नाही. इच्छा लागते.

आपल्या भागात हळदीची पेवं होती. हळद पेवात घालायची, तोंड बंद करायचं, भाव आला की उघडायचं. तोवर आत बघावं लागत नसे. हळदीचं ठीक आहे. माणसं पेवात घालून, वर बसून परतावा मोजायचा धंदा विश्रामबागेत होऊ देऊ नका.

जाहिरात तुमच्या ग्रुपवर आली तर त्याखाली हा हिशेब टाका. ज्यांना हिशेब चुकीचा वाटतो त्यांनी खुशाल आपला मांडावा. पण आकड्यांत मांडावा. आणि रात्रपाळीची ओळ त्यात पहिली असू द्या.